कलावंतांचा पैसा, भिंत आणि तालीम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी चित्रकला शिक्षक म्हणून निवृत्त झालो. तेव्हापासून आठवड्यातले दोन दिवस ओळखीपाळखीच्या कलावंतांचे अर्ज भरून द्यायला बसतो. ढोलकीवाले येतात, भजनी मंडळाचे बुवा येतात, नुकताच कला महाविद्यालयातून बाहेर पडलेला एखादा पोरगा येतो. प्रश्न फिरून फिरून तेच, म्हणून एकदाचे लिहून काढले. रकमा आणि अटी शासन निर्णयागणिक बदलतात, तेव्हा अर्ज करायच्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचा. शेजाऱ्याच्या मेव्हण्याने सांगितलेली नको.

सरकारकडून कलाकाराला खरंच पैसे मिळतात, की नुसत्या बातम्या?

मिळतात. पण ‘कलाकाराला पैसे’ असं एकच खातं कुठे नाही. उतारवयातलं मानधन एकीकडे, शिकण्याची शिष्यवृत्ती दुसरीकडे, संशोधनाची फेलोशिप तिसरीकडे आणि संस्थेला कार्यक्रमासाठी मिळणारं अनुदान चौथीकडे. ‘काही योजना असली तर बघा’ असं म्हणत कुणी आलं की मी आधी वय विचारतो, मग कला, मग घरचं उत्पन्न आणि शेवटी ‘एकटे आहात की मंडळ आहे?’ एवढ्यावर कुठलं दार ठोठवायचं ते ठरतं. निम्मे अर्ज चुकीचं दार ठोठावल्यामुळे पडतात, कला कमी पडली म्हणून नव्हे.

वडिलांनी जन्मभर तमाशात ढोलकी वाजवली. आता हात चालत नाही. त्यांना मानधन मिळेल का?

हा सर्वांत जास्त येणारा प्रश्न. राज्य सरकारची वृद्ध साहित्यिक व कलावंत मानधन योजना १९५४-५५ पासून चालू आहे. २०२४ मध्ये तिचं नाव ‘राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलाकार मानधन सन्मान योजना’ झालं आणि आधीची अ, ब, क अशी वर्गवारी जाऊन सगळ्यांना सरसकट महिना ५,००० रुपये झाले. वय ५० पूर्ण हवं (दिव्यांगांना सवलत आहे), कलेतली १५ वर्षांची कामगिरी हवी आणि वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांच्या आत हवं. निवड जिल्हा समिती करते. कलावंत गेल्यावर मानधन पती किंवा पत्नीकडे जातं, म्हणून बँक खात्याचे आणि लग्नाचे कागद आत्ताच नीट करून ठेवा. ऐन दुःखात ते शोधत बसायची पाळी येऊ नये.

अडकतं ते १५ वर्षांच्या पुराव्यावर. फडातल्या ढोलकीवाल्याचं नाव जाहिरातीत कधीच नसतं. तिथे फडमालकाचं नाव, त्याखाली नाचणारणीचं, त्याखाली सोंगाड्याचं. माझ्याकडे असेच एक काका आले होते. हातात एकही कागद नाही. तासभर बोलत बसलो तेव्हा कळलं, एका गावच्या यात्रा कमिटीने दरवर्षी सुपारी दिली (म्हणजे खेळ ठरवला) की वहीत हिशेब लिहून ठेवला होता. त्या वहीत ‘ढोलकीवाला, बक्षीस’ म्हणून काकांचं नाव सात-आठ वर्षं सलग सापडलं. त्या पानांच्या साक्षांकित प्रती काढल्या, सरपंचांचं पत्र जोडलं, फडमालकाकडून हमीपत्र घेतलं. काम झालं.

तेव्हा ‘पुरावा नाही’ म्हणण्याआधी इथे शोधा: यात्रेच्या पावत्या आणि हिशेबाच्या वह्या, गणेश मंडळाच्या स्मरणिका, आकाशवाणीच्या कराराची पत्रं, तालुक्याच्या साप्ताहिकातली कात्रणं, हरिनाम सप्ताहाच्या पत्रिका. सप्ताहाच्या पत्रिकेत मृदंगवादकाचं नावसुद्धा छापतात. पत्रिका छापणारे एवढे नेमके आणि तमाशाची जाहिरात करणारे एवढे कंजूष का, ते मला आजवर उमगलेलं नाही. तमाशाच्या मंडळींनी नारायणगावात सुपारी ठरते तेव्हाच कराराची एक प्रत मागून घ्यावी. पाडव्याच्या सुमारास तिथे फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावच्या कमिट्या येतात, तेव्हा कागद होतोच. फक्त तो मालकाच्या पेटीत जातो.

केंद्र सरकारचंही मानधन आहे म्हणतात. दोन्ही घेता येतात का?

केंद्राच्या योजनेत वय ६० हवं, वार्षिक उत्पन्न ७२,००० च्या आत हवं आणि मदत जास्तीत जास्त महिना ६,००० रुपये. मात्र राज्याकडून मिळणारं मानधन त्यातून वजा होतं. म्हणजे ५ अधिक ६ बरोबर ११ हे गणित इथे चालत नाही. आधी राज्याचं मिळवा.

मुलगी अकरा वर्षांची आहे, तबला शिकते. तिच्यासाठी काय आहे?

दिल्लीचं सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्र, म्हणजे सीसीआरटी, १० ते १४ वयाच्या मुलांसाठी सांस्कृतिक प्रतिभा शोध शिष्यवृत्ती देतं. वर्षाला ३,६०० रुपये आणि त्याशिवाय गुरूंच्या फीपोटी ठरावीक मर्यादेपर्यंत रक्कम. पैसा फार नाही, पण दरवर्षी नूतनीकरण होत ती पदवीपर्यंत चालू राहू शकते आणि पुढच्या प्रत्येक अर्जात वजन धरते. परंपरेने कला जपणाऱ्या घराण्यांतल्या आणि आदिवासी मुलांसाठी काही जागा राखीव असतात. गोंधळी, वासुदेव, चित्रकथी, पोतराज अशा घरांतल्या आईबापांना हे बहुतेकदा माहीतच नसतं. शाळेतल्या शिक्षकांनी सांगायला हवं. मी नोकरीत असताना किती जणांना सांगितलं, ते आठवून आता ओशाळायला होतं.

चाचणीला मुलीला वाजवायला बसवतात तेव्हा कायद्यापेक्षा (कायदा म्हणजे तबल्यातली बांधीव रचना) लय सांभाळणं जास्त पाहिलं जातं, हा माझा अनुभव. चार कायदे धावत वाजवण्यापेक्षा एक तीनताल ठाय, म्हणजे संथ लयीत नीट वाजवू दे.

मी बावीस वर्षांचा आहे, शास्त्रीय गायन शिकतो. आणि पंचविशी उलटल्यावर काय?

१८ ते २५ वयासाठी केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाची युवा कलाकार शिष्यवृत्ती आहे: महिना ५,००० रुपये, दोन वर्षं, देशभरात ४०० जणांना. शास्त्रीय संगीत, नृत्य, नाट्य, दृश्यकला, लोककला हे सगळं त्यात येतं. गुरूंकडे किमान पाच वर्षं शिकलेलं असावं लागतं. गुरूंचं पत्र ‘अमुक माझा विद्यार्थी आहे, हुशार आहे’ एवढ्यावर आटोपू देऊ नका. किती वर्षं, आठवड्यातून किती वेळा, कोणते राग, पुढची दोन वर्षं काय शिकवणार, हे त्यात हवं. गुरुजींना लिहायचा कंटाळा असेल तर मसुदा तुम्ही करा, सही त्यांची घ्या. त्यात कमीपणा नाही.

पंचविशीनंतर त्याच मंत्रालयाच्या फेलोशिप आहेत. २५ ते ४० वयाला कनिष्ठ, महिना १०,०००, आणि चाळिशीपुढे वरिष्ठ, महिना २०,०००. दोन्ही दोन वर्षांच्या. पण ही संशोधनाची फेलोशिप आहे. ‘मी गातो, मला पैसे द्या’ इथे चालत नाही. ‘भारुडातल्या रूपकांचे मराठवाड्यातले पाठभेद ध्वनिमुद्रित करून अभ्यासणार आहे’ हे चालतं. हप्ते सहामाही अहवालावर सुटतात. अहवाल लांबला की हप्ता लांबतो, आणि मग मंडळी सरकारला शिव्या घालतात.

प्रकल्पाचा प्रस्ताव लिहायचा म्हणजे नेमकं काय लिहायचं? मला इंग्रजी येत नाही.

इंग्रजीचा बाऊ करू नका. बंगळूरची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स ही १९९३ पासूनची खासगी संस्था कला-संशोधन, कलेची प्रत्यक्ष निर्मिती आणि कलाशिक्षण यांसाठी अनुदान देते, आणि प्रस्ताव भारतीय भाषांत घेते. मराठीत लिहिलेला नेमका प्रस्ताव यंत्राने भाषांतरित केलेल्या गुळगुळीत इंग्रजी प्रस्तावापेक्षा दहा पट बरा.

माझी पद्धत सांगतो. समोरच्याला म्हणतो, तुमच्या मामाला फोनवर सांगता तसं सांगा, काय करणार आहात? समजा, सिंधुदुर्गातला दशावतारी म्हणतो, ‘आमच्या आडदशावतारातली (म्हणजे मुख्य आख्यानाआधीच्या भागातली) संकासुराची सोंगं म्हाताऱ्या नटांनाच येतात. पाच गावांत जाऊन त्यांच्याकडून शिकायचं आणि चित्रीकरण करून ठेवायचं.’ झाला की प्रस्ताव! आता त्यात भरायचं: कोणती पाच गावं, कोणते नट (त्यांची तोंडी तरी परवानगी घेतली का), जत्रांचा हंगाम कधी सुरू होतो, किती रात्री मुक्काम, कॅमेरा कुणाचा, साठवण कुठे, चित्रीकरणाची प्रत त्या नटांना मिळणार का. शेवटच्या मुद्द्यावर मी हट्ट धरतो. लोकांची कला टिपायची आणि त्यांच्याच घरी प्रत ठेवायची नाही, हे शोभत नाही.

सगळ्यात जास्त गफलत अंदाजपत्रकात होते. दोन टोकं दिसतात. एक, ‘इतर खर्च: ५०,०००’. परीक्षक लगेच पेन खाली ठेवतो. दुसरं टोक जास्त वाईट: स्वतःचं मानधन शून्य. का? तर ‘कलेची सेवा’. सेवा करा, पण तीन महिने घर कशावर चालणार ते लिहा. हार्मोनियमवाल्याची बिदागी लिहा, रात्री प्रयोग संपल्यावर एसटी नसते म्हणून लागणाऱ्या गाडीचं भाडं लिहा. खऱ्या आकड्यांना खऱ्या कामाचा वास असतो आणि वाचणाऱ्याला तो येतो.

आणि एक. ‘लुप्त होत चाललेली कला वाचवणे’ हे शब्द काढून टाका. दहापैकी नऊ प्रस्तावांची सुरुवात त्यांनीच होते.

जहांगीर आर्ट गॅलरीत प्रदर्शन लावायचंय. ओळख लागते का?

ओळखीपेक्षा धीर लागतो. काळा घोडा भागातली ही गॅलरी १९५२ मध्ये उभी राहिली, आणि आजही प्रत्येक चित्रकाराच्या मनात तिथल्या भिंतीची स्वप्नं असतात. तिथे कामाची छायाचित्रं आणि माहिती जोडून अर्ज करायचा. निवड झाली तरी तारीख काही वर्षांनंतरची मिळते. म्हणून अर्ज आज करा आणि तोवर चित्रं काढत राहा. एकट्यापेक्षा दोघा-तिघांचा गट असेल तर भाड्याचा भार हलका होतो, पण गट निवडताना रंगसंगतीपेक्षा स्वभाव जुळवा. आठवडाभर एकाच टेबलाशी बसायचं असतं.

प्रदर्शन साधारण मंगळवार ते सोमवार चालतं. सोमवारी संध्याकाळी उतरवायचं, मंगळवारी सकाळी पुढच्याचं लागायचं. या आदलाबदलीच्या काही तासांत नवख्यांची दैना होते. हुक, दोरी, लेव्हल, शीर्षकपट्ट्या, दरपत्रक, विकलेल्या चित्रांशी लावायच्या लाल टिकल्या, मोजमापाची टेप आणि एक उंच मित्र, एवढं आधी जमवा. फ्रेमा गावाकडे करून टेम्पोने आणल्या तर काचा फुटतात. काचेऐवजी ॲक्रिलिक घ्या किंवा मुंबईतच फ्रेम करून घ्या. पावसाळ्यातली तारीख मिळाली तर कागदावरच्या कामाला बुरशी येऊ शकते, मागून पाठ बंद करून घ्या. कॅटलॉगवर खर्च करून भाड्याला पैसे उरले नाहीत अशी उदाहरणं मी पाहिली आहेत. उद्घाटनाला मंत्री आणण्याच्या धडपडीत तर अख्खा पहिला दिवस वाया जातो आणि मंत्री येत नाहीत ते नाहीतच.

विक्रीचं म्हणाल तर: मोठं चित्र भिंत भरतं, छोटं चित्र भाडं भरतं. चार-सहा लहान कामं हाताशी ठेवाच.

जहांगीरची वाट पाहीपर्यंत काय करू? आमच्याकडे तर गॅलरीच नाही.

स्पर्धात्मक प्रदर्शनांत पाठवा. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ पासूनची. तिच्या वार्षिक प्रदर्शनात १९३७ साली अमृता शेरगिल यांना सुवर्णपदक मिळालं होतं. आर्ट सोसायटी ऑफ इंडिया १९१८ ची. कला संचालनालयाचं महाराष्ट्र राज्य कला प्रदर्शन विद्यार्थ्यांसाठी वेगळं आणि व्यावसायिक कलाकारांसाठी वेगळं भरतं. दिल्लीच्या ललित कला अकादमीचं राष्ट्रीय प्रदर्शन आहे. प्रवेशफी असलीच तर ती आटोक्यातली असते.

भिंत हवी असेल तर पुण्यात बालगंधर्व रंगमंदिराचं कलादालन, कोल्हापुरात राजर्षी शाहू स्मारक भवन अशा सार्वजनिक जागा आहेत. तालुक्याच्या गावी वाचनालयाचं वरचं दालन मागा. मी एकदा गणपतीच्या दहा दिवसांत मंडळाच्या मांडवाशेजारी विद्यार्थ्यांची चित्रं लावली होती. एवढी माणसं कुठल्याच गॅलरीत आली नाहीत. आरतीला थांबलेली माणसं चित्रं बघतातच, दुसरं करणार काय?

‘तुमची आंतरराष्ट्रीय पुरस्कारासाठी निवड झाली आहे, फक्त नोंदणी शुल्क भरा’ असा मेसेज आला. भरू?

नको. मीही एकदा फसलोय. परदेशातल्या शहराचं नाव होतं, चकचकीत प्रमाणपत्राचा नमुना होता, मी पैसे भरले. प्रदर्शन म्हणजे एका हॉटेलच्या बैठकीच्या खोलीत इझेलवर शंभरेक चित्रांचे छापील फोटो. कुरिअरने ट्रॉफी आली, तिच्यावर माझं आडनाव चुकलेलं. ट्रॉफी अजून माळ्यावर आहे.

परीक्षा सोपी आहे. तुम्ही अर्ज केला नव्हता आणि तरी निवड झाली? परीक्षक कोण ते आधी जाहीर नाही? सगळ्यांनाच पुरस्कार? ‘आज रात्री बारापर्यंत’ अशी घाई? यांतली दोन लक्षणं दिसली की सोडून द्या. गॅलरीचं भाडं देणं किंवा स्पर्धेची फी भरणं यात वावगं काही नाही. मानपत्र विकत घेणं हा वेगळा धंदा आहे.

आमचं मंडळ आहे. संस्था नोंदवावी का?

मंडळात किती वर्षं भांडणं झाली नाहीत ते आधी सांगा.

चेष्टा सोडा. महाराष्ट्रात संस्था सहसा १८६० च्या सोसायटी कायद्याखाली आणि सोबत १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली, धर्मादाय कार्यालयात नोंदवतात. त्यानंतर दरवर्षी हिशेबतपासणी, बदल अर्ज, सभांची इतिवृत्तं. सगळं आयुष्यभराचं. अध्यक्ष वारले आणि बदल अर्ज केलाच नाही, म्हणून दहा वर्षं बँक खातं गोठलेली भजनी मंडळं मला ठाऊक आहेत.

तरीही काही दारं संस्थेलाच उघडतात. केंद्राच्या सांस्कृतिक कार्यक्रम व निर्मिती अनुदानात संस्थेला साधारणपणे ५ लाखांपर्यंत मदत मिळू शकते. गुरु-शिष्य परंपरेच्या अनुदानात संस्थेतल्या गुरूला महिना १५,००० आणि शिष्यांना वयानुसार २,००० ते १०,००० रुपये मिळतात. त्यासाठी नीति आयोगाच्या दर्पण या संस्था-नोंदणीच्या पोर्टलवर नोंद, मागच्या तीन वर्षांचे तपासलेले हिशेब आणि कामाचा पुरावा लागतो. कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधीही कायद्यानुसार कला, वारसा आणि हस्तकलांवर खर्च होऊ शकतो. पण तिथे बारा-ए, ऐंशी-जी (दोन्ही प्राप्तिकर सवलतीच्या नोंदण्या) आणि सीएसआर-१ (हा निधी घेण्यासाठीची नोंदणी) ही तीन कागदपत्रं नसतील तर कंपनीतला माणूस चहा पाजतो आणि पाठवून देतो.

अनुदान मिळाल्यावरचा कळीचा शब्द: उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरलेल्या कामावरच खर्च झाले असा दाखला. सनदी लेखापालाच्या सहीचं हे पत्र वेळेत गेलं नाही तर पुढचा हप्ता अडतो आणि नवीन अर्जही अडतो. मांडववाल्याची, ध्वनिक्षेपकवाल्याची, जेवणाची पावती त्याच दिवशी घ्या. सहा महिन्यांनी तो माणूस कोऱ्या पावतीपुस्तकासकट पुढे येतो आणि मग तुमच्या सचोटीची परीक्षा सुरू होते.

वर्षाला दोनच कार्यक्रम करत असाल तर नोंदणीच्या भानगडीत पडू नका. ओळखीच्या नोंदणीकृत वाचनालयाबरोबर मिळून करा.

आम्ही वारली चित्रं काढतो. शहरातले लोक तीच नक्कल करून कपांवर छापतात. काही करता येतं का?

दोन गोष्टी वेगळ्या करून बघा. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय), म्हणजे ही कला या भागाची अशी कायदेशीर नोंद, मिळालं. ते समाजाचं आहे. त्यात अधिकृत वापरकर्ता म्हणून आपलं नाव नोंदवता येतं आणि अस्सल वारली म्हणून विकताना त्याचा आधार मिळतो. दुसरा कॉपीराइट. तो तुम्ही स्वतः काढलेल्या चित्रावर आपोआप असतो, तुमच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं. चौकोन-त्रिकोणाच्या माणसावर कुणाचा कॉपीराइट नाही, पण तुम्ही रचलेल्या तारपा नाचाच्या त्या विशिष्ट चित्रावर तुमचा आहे.

चित्र विकलं म्हणजे कॉपीराइट विकला असं होत नाही. तो द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. कागदावर मुदत नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो. पण पाय घसरतो तो इथे: कुणी पैसे देऊन, सांगून चित्र काढून घेतलं आणि वेगळं काही ठरलेलं नसेल, तर कॉपीराइट सांगणाऱ्याकडे जातो. हॉटेलची भिंत रंगवायला जाता तेव्हा म्हणूनच एक ओळ लिहून घ्या, ‘या रचनेचा छपाईसाठी वापर चित्रकाराच्या परवानगीशिवाय करू नये.’ व्हॉट्सॲपवर लिहून घेतलं तरी काही नसण्यापेक्षा बरं.

हा बाजार कसा उभा राहिला तेही आठवावं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी कागद आणि रंग घेऊन डहाणूच्या पाड्यांवर गेले. तोवर लग्नाचा चौक, म्हणजे लग्नघराच्या भिंतीवरचं चित्र, सुवासिनी काढत. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा चित्रं भिंतीवरून कागदावर आणि बायकांच्या हातून पुरुषांच्या हाती येऊन कितीतरी वर्षं झाली होती. म्हणून माझ्याकडे वारली चित्रकारांचा अर्ज आला की विचारतो, घरात आई, मावशी, आत्या चौक लिहितात का? त्यांचं नाव का नाही?

सिंधुदुर्गात पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला, आहे. तिथले कलावंत परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली आणि तिथे त्यांनी उभारलेलं संग्रहालय पाहायला लोक येतात. गावातच प्रदर्शन, गावातच प्रशिक्षण. गोव्याला जाता-येता कुडाळला उतरा, पिंगुळी तिथून जवळच आहे.

मी मूर्तिकार आहे. पीएम विश्वकर्मात बसतो का? आणि माझा भाऊ चित्रकार आहे, तो?

तुम्ही बसता, भाऊ नाही. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या केंद्राच्या या कारागीर योजनेत १८ व्यवसाय आहेत: मूर्तिकार-पाथरवट, कुंभार, बाहुल्या-खेळणी करणारे, टोपल्या-चटया विणणारे वगैरे. चित्रकार त्यात नाही. पाच-सात दिवसांचं प्राथमिक प्रशिक्षण, दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, मग २ लाख कर्ज. लाभ घरटी एकालाच. भावाने हस्तकला विभागाचं पहचान कार्ड (कारागिराचं ओळखपत्र) मिळतं का ते पाहावं. त्याची कला हस्तकलेच्या यादीत बसत असेल तर मेळ्यांत स्टॉल मागताना ते उपयोगी पडतं.

लोककला शिकायची कुठे? आमच्या पिढीला घरात शिकवणारं कुणी उरलं नाही.

राज्याचं सांस्कृतिक कार्य संचालनालय तमाशा, लावणी, शाहिरी, दशावतार, खडीगंमत, कीर्तन यांची प्रशिक्षण शिबिरं भरवतं. मुंबई विद्यापीठात लोककला अकादमी आहे, पुण्यात विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे. गाण्या-वाजवण्याच्या परीक्षा द्यायच्या तर मिरजेच्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची केंद्रं गावोगाव आहेत. महाराष्ट्र दोन विभागीय सांस्कृतिक केंद्रांत येतो, उदयपूरच्या पश्चिम आणि नागपूरच्या दक्षिण-मध्य. दोन्हीकडे कार्यक्रमांसाठी पथकाची माहिती पाठवा. विदर्भाबाहेरची पथकं नागपूरला विसरतात आणि विदर्भातली उदयपूरला.

शिबिराबद्दल माझं मत थोडं कडवट आहे. वीस दिवसांत लावणीची अदा येत नाही, ओळख होते. पण त्या वीस दिवसांत भेटलेल्या एखाद्या जुन्या बाईंच्या घरी नंतर दोन वर्षं जात राहिलात, तर शिबिर सार्थकी लागतं.

नाटकाचा ग्रुप आहे, सगळे नोकरी करणारे. कुठून सुरुवात करू?

राज्य नाट्य स्पर्धा. १९५४ पासून चालू आहे, प्राथमिक फेरी जवळच्या केंद्रावर होते, हौशी, बालनाट्य, संगीत, हिंदी, संस्कृत असे विभाग आहेत. संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं (म्हणजे नाटकाच्या सेन्सॉरचं) प्रमाणपत्र लागतं, आणि लेखकाची लेखी परवानगी. नेपथ्याच्या आधी या दोन कागदांच्या मागे लागा. तालीम रंगात आलेली आणि परवानगी नाही, यासारखा विरस नाही.

आम्ही गोव्यात राहतो. तिथे काय?

गोव्याचं कला व संस्कृती संचालनालय कलाकारांसाठी ‘कला सन्मान’ योजनेतून मानधन देतं. पणजीची कला अकादमी, गावोगावची रवींद्र भवनं हे शिकण्या-सादर करण्याचे जुने अड्डे. २०१६ पासून दर डिसेंबरात पणजीत सेरेंडिपिटी कला महोत्सव भरतो. भजन आणि संगीत नाटकाला गोव्यात जेवढा नियमित प्रेक्षक आहे, तेवढा आमच्याकडे आता नाही, हे मी जरा असूयेनेच लिहितो.

एजंट म्हणतो, ‘तीन हप्ते मला द्या, मानधन मंजूर करून आणतो.’

देऊ नका. अर्ज फुकट असतो.

अर्ज नामंजूर झाला, कारणच कळवलं नाही. आता?

माहिती अधिकाराखाली अर्ज करा. १० रुपये शुल्क, ३० दिवसांत उत्तर. ‘मला का नाकारलं’ असं भावुक होऊन विचारू नका. ‘निवड समितीच्या अमुक तारखेच्या बैठकीचं इतिवृत्त, गुणांकन तक्ता आणि माझ्या अर्जावरील शेऱ्याची साक्षांकित प्रत द्यावी’ असं मागा. बहुतेक वेळा शेरा असतो ‘उत्पन्नाचा दाखला मुदतबाह्य’ किंवा ‘आधार व बँक खात्यातील नावात तफावत’. मागे एका शाहिरांच्या आधारवर ‘शाहीर’ हेच नाव छापलं होतं आणि खातं मूळ नावाने होतं. नाव दुरुस्त होईपर्यंत चार महिने मानधन थांबलं.

हे सगळे कागद ठेवायचे कशात?

पत्र्याच्या पेटीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, आणि मोबाइलवर फोटो काढून मुलीला किंवा सुनेला पाठवून. मुलाला पाठवले तर तो फोन बदलतो आणि सगळं जातं. दाखल्यांच्या मूळ प्रती कुठल्याही कार्यालयात देऊ नका, दाखवा आणि परत घ्या. पोच मात्र शिक्क्यासकट मागा, शिपाई कितीही कंटाळला तरी.